नाटकाचं कंत्राट घ्यावं की ऑडिशनसाठी मोकळं राहावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. मुलगी २३ वर्षांची, टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेली, नागरिक इथलीच, कॅनडाची. गेल्या वर्षी थिएटरची पदवी घेतली. आता ऑन्टारिओतल्या एका छोट्या गावातल्या समर थिएटरनं तिला १६ आठवड्यांचं काम देऊ केलंय. एका नाटकात लहान भूमिका, दुसऱ्यात नायिकेची अंडरस्टडी, म्हणजे मूळ नटीला प्रयोग करता आला नाही तर तिच्या जागी उभी राहणारी. एजंट म्हणतो घेऊ नकोस, उन्हाळा हा टोरंटोतला शूटिंगचा हंगाम, तू गावाला जाऊन बसलीस तर ऑडिशन कोण देणार? मुलगी रडकुंडीला आलीय आणि तुम्ही विचारताय, "नाटक की कॅमेरा, भविष्य नक्की कशात आहे?"

मी १९ वर्षं टोरंटोत आणि आसपास स्टेज मॅनेजर म्हणून काम करते. मधल्या रिकाम्या आठवड्यांत नटनट्यांच्या सेल्फ-टेप (चित्रित करून पाठवायच्या ऑडिशन) करून देते, म्हणजे कॅमेऱ्यामागे उभी राहून समोरच्या पात्राचे संवाद वाचते. मी नटी नाही, एजंटही नाही. पण या दोन्ही धंद्यांत नट कुठे अडकतो ते रोज बघते.

आणि मला विचाराल तर तो नाटक की कॅमेरा यात अडकत नाही, तारखांत अडकतो.

आपल्या डोक्यात मराठी नाटकाचं चित्र असतं. नट दिवसा मालिकेच्या सेटवर, रात्री प्रयोगाला. ते जमतं, कारण आपल्याकडे प्रयोग सुटे लागतात. निर्माता नटांच्या तारखा बघतो, थिएटरच्या तारखा मिळवतो, कुणाचं चार दिवस बाहेरगावी शूटिंग असेल तर त्या दिवसांत प्रयोगच लावत नाही. नाटक चाललं तर ५०० प्रयोग, नाही चाललं तर २५व्या प्रयोगाला गाशा गुंडाळायचा. इथे तसं नाही. तीन-चार आठवडे तालीम, मग सलग प्रयोग, आठवड्याला सात-आठ, सोमवारी सुट्टी, आणि आधीच छापलेल्या तारखेला नाटक बंद. शेवटच्या रात्री प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवत असले तरी अर्ध्या तासात मागे सेटचे स्क्रू निघायला लागलेले असतात. स्ट्रॅटफर्ड महोत्सव (१९५३ साली तो चक्क तंबूत सुरू झाला) किंवा नायगारा-ऑन-द-लेकचा शॉ महोत्सव (१९६२ पासून) इथे तर एकाच नटीकडे दोन-तीन नाटकं असतात आणि वर्षातले सात-आठ महिने त्यातच जातात.

कॅमेऱ्याच्या तारखा याच्या बरोबर उलट, त्या कुणाच्याच हातात नसतात. मंगळवारी संध्याकाळी मेल येतो, दोन पानं संवाद, गुरुवारी सकाळी दहाच्या आत टेप पाठवा. मग दोन आठवडे चिडीचूप. मग निरोप येतो की अमुक तीन दिवस होल्डवर ठेवा. होल्ड म्हणजे काम मिळालं असं नव्हे, पण त्या दिवसांत दुसरं काही स्वीकारण्याआधी त्यांना विचारायचं. पुढे काम मिळालंच तर सोमवारचं शूटिंग पावसामुळे बुधवारवर जातं, आणि बुधवारी दोन वाजता मॅटिनी असते.

दोन्ही एकदम करायला गेलं की काय होतं ते सांगते. काही वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. आमचा प्रयोग रात्री आठचा, म्हणजे 'हाफ', पडद्याआधी अर्ध्या तासाची हाक, साडेसातला. त्याआधी प्रत्येक नटानं स्टेज डोअरजवळच्या कागदावर आपल्या नावापुढे सही करायची असते. एकीची जागा कोरी. ती दिवसभर हॅमिल्टनला शूटिंग करत होती, चारला सुटणार असं तिला सांगितलं होतं, सुटली सव्वापाचला आणि हायवेवर बर्फ. साडेसातला मी अंडरस्टडीला कपडे चढवायला सांगितलं. ७ वाजून ४१ मिनिटांनी नटी धापा टाकत आत आली, गालावर सेटवरची खोटी जखम तशीच, केसांत वाळलेलं नकली रक्त. वॉर्डरोबच्या बाई तेल आणि कापूस घेऊन धावल्या. पण निर्णय झाला होता. अंडरस्टडी मंचावर गेली, तिनं एक प्रवेश जरा उशिरा घेतला, बाकी निभावलं. ही बिचारी ग्रीनरूममध्ये स्पीकरवर स्वतःचेच संवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसली. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. तिच्या बाबतीत मला सगळ्यात वाईट तेच वाटलं, कारण इथे कुणी ओरडत नाही, पुढच्या वर्षी बोलावत नाहीत, एवढंच.

तिची चूक शूटिंग घेण्यात नव्हती. त्या तारखा तिनं नाटकाच्या करारावर सही करण्याआधी लेखी मागून घेतल्या नव्हत्या. सहीच्या आधी "मला अमुक दोन दिवस तालमीतून सोडा" असं मागता येतं, थिएटरवाले बहुधा मधला मार्ग काढतात, आणि ते करारात जोडलं जातं. सही झाल्यावर मागितलं की ते उपकार ठरतात.

आता तुमच्या मुलीचं. माझं मत स्पष्ट आहे. तिनं हे काम घ्यावं. पण कशासाठी, ते कळलं पाहिजे, नाहीतर ऑगस्टमध्ये एखादी टेप हातची गेली की ती पुन्हा रडेल.

पहिलं म्हणजे एजंटचा मुद्दा निम्मा जुना झालाय. २०२० पर्यंत पहिली ऑडिशन बहुतेकदा शहरातल्या कास्टिंग ऑफिसात जाऊन द्यावी लागायची, त्या काळात गावाला जाणं म्हणजे खरंच शर्यतीतून बाहेर पडणं होतं. महामारीनंतर पहिली फेरी बहुतेक सगळी टेपवर असते, दुसरी बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर. साधा राखाडी नाहीतर निळा पडदा, दोन दिवे, फोन स्टँडवर आडवा धरून, बस. हे गावातल्या भाड्याच्या खोलीतही होतं. समोरचं वाचायला कंपनीतले दहा नट तिथेच असतात, तुमच्या घरी ती तुम्हालाच उभं करत असेल. (कृपया अभिनय करू नका, ताई. माझ्याकडे एका मुलीची आई पोलीस अधिकाऱ्याचे संवाद अशा काही ठसक्यात वाचायची की लेकीच्या चेहऱ्याआधी आमचं लक्ष आईच्या आवाजाकडे जायचं. सपाट, हळू, लेन्सच्या अगदी शेजारी उभं राहून वाचायचं.) म्हणजे १६ आठवडे तिच्या ऑडिशन बंद होत नाहीत. बंद होतात त्या फक्त शूटिंगच्या तारखा, आणि त्याही सगळ्या नाहीत, कारण सोमवार तिचा असतो.

दुसरं, या उन्हाळ्यात शहरात राहिली तर तिला नक्की काय मिळायची शक्यता आहे ते बघा. टोरंटो आणि व्हँकुव्हरमध्ये जे चित्रीकरण होतं त्यातलं खूपसं अमेरिकन कंपन्यांचं असतं. टोरंटोचा रस्ता न्यूयॉर्क म्हणून दाखवतात, पिवळ्या टॅक्सी आणून उभ्या करतात. मोठ्या भूमिका लॉस एंजेलिसहून ठरून येतात. इथल्या नव्या मुलीच्या वाट्याला नर्स, रिसेप्शनिस्ट, "तुमची गाडी आलीय सर". आणि त्यात 'सॉरी' म्हणायचं असेल तर तो 'ऑ' अमेरिकन करायचा, कॅनेडियन ओठ गोल करून म्हटलं की कट! युनियनच्या करारात पाच ओळींपर्यंत बोलणारा तो 'अॅक्टर' आणि सहा किंवा जास्त ओळी बोलणारा 'प्रिन्सिपल' अशी दरफरकाची रेघ आहे. यावरून अंदाज घ्या की एकेका ओळीला काय भाव असतो. हे काम हलकं मुळीच नाही, एका दिवसाचे पैसे छान मिळतात, युनियनच्या पायऱ्या चढायला ते श्रेय मोजलं जातं. पण त्यातून अभिनय शिकता येत नाही. सकाळी सहाला बोलावतात, दोनला चार ओळी होतात, तीनला घरी.

इथल्या मातीतल्या मालिका-सिनेमांचं गणित वेगळं आहे, आणि तुमच्या मुलीची खरी जागा तिथे आहे. सरकारी करसवलतीसाठी निर्मिती 'कॅनेडियन' ठरवायची तर १० पैकी किमान ६ गुण लागतात. दिग्दर्शकाचे २, लेखकाचे २, आणि सर्वाधिक मानधनाच्या दोन प्रमुख कलाकारांचा प्रत्येकी १. शिवाय त्या दोघांपैकी एक तरी कॅनेडियन असावाच लागतो. म्हणजे प्रमुख भूमिकेतली कॅनेडियन नटी ही निर्मात्याची गरज असते. या भूमिकांसाठी माणसं शोधणारे लोक टेप बघतातच, पण ते नाटकंही बघतात. लहान थिएटरात तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसलेले मी पाहिलेत.

याचं आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे 'किम्स कन्व्हिनिअन्स'. दुकान चालवणाऱ्या कोरियन कुटुंबाची गोष्ट सांगणारं इन्स चॉय यांचं हे नाटक २०११ च्या टोरंटो फ्रिंज नाट्यमहोत्सवात झालं. फ्रिंजमध्ये निवड समिती नसते, चिठ्ठ्या टाकून जागा मिळतात. २०१२ मध्ये ते सोलपेपर या टोरंटोतल्या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर गेलं आणि २०१६ मध्ये सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर मालिका झालं. रंगमंचावरचे आई-बाबा, जीन यून आणि पॉल सुन-ह्युंग ली, तेच मालिकेत आले. मुलगी जेनेट मात्र बदलली. नाटकात एस्थर जून, मालिकेत ॲन्ड्रिया बँग. मी ही गोष्ट मुद्दाम पूर्ण सांगते, कारण लोक अर्धीच सांगतात. नाटक केलं की मालिका मिळतेच असं नाही. पण एस्थर जून पुढे दिग्दर्शनाकडे वळल्या आणि २०२२ मध्ये स्ट्रॅटफर्डला त्यांनी नाटक बसवलं. इथली कारकीर्द अशी आडवळणानंच जाते आणि त्यातली बरीच वळणं तालमीच्या खोलीतून फुटतात.

तुम्ही मैत्रेयी रामकृष्णनचं नाव लिहिलंय, ते येणारच. आपल्या शेजारच्या मिसिसागाची मुलगी, शाळा संपता संपता टेप पाठवली, १५,००० अर्जांतून निवड झाली, २०२० मध्ये 'नेव्हर हॅव आय एव्हर' मालिकेतून जगभर पोचली. मलाही तिचा अभिमान वाटतो. पण ताई, १५,००० मधल्या एकीकडे बघून बाकीच्यांनी उन्हाळा आखायचा नसतो. आणि तीही शाळेच्या नाटकांतून आलेली, यॉर्क विद्यापीठात थिएटरला प्रवेश घेऊन बसलेली होती. 'ग्रेज ॲनाटॉमी'तल्या सँड्रा ओ माँट्रियलच्या नॅशनल थिएटर स्कूलमधून शिकून बाहेर पडल्या. रेजायनाची तात्याना मास्लानी वर्षानुवर्षं इम्प्रोव्ह, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल ते नाटक, करत होती. पुढे 'ऑर्फन ब्लॅक' या एकाच मालिकेत तिनं इतक्या वेगवेगळ्या बायका उभ्या केल्या की २०१६ मध्ये एमी मिळालं, आणि त्यानंतर ती गेली कुठे, तर २०१८ मध्ये ब्रॉडवेवर. तिच्या त्या भूमिका बघताना मला पाठीचा कणा दिसतो. प्रत्येक बाईची उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. ते क्लोजअपमध्ये शिकता येत नाही.

उलट बाजूही सांगते. नाटकातून आलेल्या मुलींच्या टेप सुरुवातीला वाईट असतात, अगदी वाईट. भुवया शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. माझा एक साधा उपाय आहे. टेप आवाज बंद करून बघायची. चेहरा जिथे जिथे 'सांगतोय' असं वाटेल तिथे पुन्हा घ्यायचं. मग फोन उलटा ठेवून नुसतं ऐकायचं. आवाज जर खोलीतल्या खऱ्या माणसाशी बोलल्यासारखा वाटला तर पाठवायची. माझ्याकडे येणारी एक मुलगी स्ट्रॅटफर्डचा हंगाम करून आली होती, तिथलं मोठं सभागृह १,८०० च्या आसपास माणसांचं. पहिल्या टेपला माझ्या शेजारणीनं भिंत ठोकली! अडीच महिन्यांत तिचा आवाज खाली आला, पण त्यातला जोर गेला नाही, आणि तो जोर नुसत्या कॅमेऱ्यावर वाढलेल्या मुलींकडे मला क्वचितच दिसतो. मात्र ही माझी आवड असू शकते, मी नाटकवाली आहे.

अंडरस्टडी या शब्दाला तुम्ही नाक मुरडलंय असं वाटलं ("नुसतं पाठ करून बसायचं?"). माझ्या लेखी या देकाराचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. मोठी भूमिका कुणी २३व्या वर्षी देत नाही, पण तिच्या तालमीत बसायला मिळतं. मुरलेली नटी एकच वाक्य अकराव्या दिवशी कसं बदलते ते बघायला मिळतं. फक्त एक गोष्ट आधी विचारून घ्या. अंडरस्टडीच्या वेगळ्या तालमी ठरलेल्या आहेत का? काही ठिकाणी त्या कागदावर असतात आणि प्रत्यक्षात सहाव्या आठवड्यापर्यंत होत नाहीत. मग एखाद्या दुपारी घसा बसल्याचा फोन येतो आणि तुमची लेक न केलेल्या हालचाली मनात जुळवत विंगेत उभी असते.

पैशांबद्दल. नाटकाच्या कलाकारांची संघटना इक्विटी, पडद्याची अॅक्ट्रा. दोन्ही वेगळ्या, दोन्हींची वर्गणी वेगळी, एकीतलं सदस्यत्व दुसरीत आपोआप चालत नाही. थिएटर किती मोठं त्यावर आठवड्याचं किमान मानधन ठरतं, तेव्हा छोट्या गावात फार अपेक्षा ठेवू नका. राहण्याची सोय कोण करतंय हा आकडा मानधनाइतकाच महत्त्वाचा. एजंटचं कमिशन पडद्याच्या कामावर साधारण १५ टक्के, ते मिळालेल्या पैशांतून. नोंदणी फी म्हणून आधी पैसे मागणारा एजंट असेल तर तिथूनच परत फिरायचं. आणि नट इथे बहुधा स्वयंरोजगारी धरला जातो. बेकारी भत्ता त्या कामावर मिळत नाही, कर स्वतः बाजूला ठेवावा लागतो, वर्षाची उलाढाल ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटीची, म्हणजे विक्रीकराची, नोंदणी करावी लागते. हेडशॉट (ऑडिशनसाठीचे फोटो), वर्गणी, कमिशन हे खर्चात धरता येतात, तेव्हा पावत्या एका डब्यात टाकायची सवय आत्ताच लावा. आपल्या घरांत इंजिनिअरिंगच्या फीचा हिशेब होतो, याचा होत नाही, आणि मग "नाटकात पैसा नाही" असं सरसकट म्हटलं जातं.

एक जरा नाजूक विषय. गव्हाळ रंगाच्या मुलीला टेपच्या मेलमध्ये अजूनही अधूनमधून "भारतीय उच्चारात" असं लिहून येतं, तेही ब्रॅम्प्टनच्या मुलीला. करावं का? काही मुली आनंदानं करतात, काही सरळ नाही म्हणतात, दोन्ही मला मान्य. माझं म्हणणं इतकंच की ही रेघ तिनं आधी स्वतःशी ठरवून एजंटला सांगून ठेवावी, मेल आल्यावर रात्री अकराला नव्हे. या बाबतीत रंगमंच थोडा पुढे गेलाय. २०२३ मध्ये शॉ महोत्सवात व्हाय नॉट थिएटरचं महाभारत झालं, रवी जैन आणि मिरियम फर्नांडिस यांनी उभं केलेलं, दोन भागांत. आपल्यासारख्याच घरांतली माणसं मंचावर, आणि उच्चार ज्याचा त्याचा.

कुठल्या परिस्थितीत मी "घेऊ नको" म्हटलं असतं? एखाद्या मालिकेच्या कायमच्या भूमिकेसाठी ती शेवटच्या दोन-तीन जणींत असती तर. नाटकाचा करार संघटनेबाहेरचा आणि तुटपुंजा असता तर. गावात राहायची सोय नसती आणि रोज चार तास गाडी चालवायची असती तर. किंवा हे तिचं पाचवं समर थिएटर असतं तर, कारण गावोगावच्या उन्हाळ्यांत रमून शहराला विसरलेल्याही मुली मी पाहिल्यात. तिचं पहिलंच आहे.

एजंटशी भांडू नका. त्याचा हिशेब चुकीचा नाही, तो त्याच्या बाजूनं बघतोय. तिनंच त्याला आज चार ओळींचा मेल लिहावा, तुम्ही नव्हे: काम घेतेय, या तारखेपासून या तारखेपर्यंत, टेप तिथून २४ तासांत पाठवीन, सोमवार मोकळे, अमुक आठवड्यात तालीम असल्यानं शूटिंग अशक्य. एजंट वैतागतो तो "बघते, कळवते" या उत्तरावर, नाही म्हटल्यावर नव्हे. शिवाय जुलैतल्या एखाद्या प्रयोगाची दोन तिकिटं त्याच्यासाठी ठेवायला सांगा, तो आला तर उत्तम.

सही करायची मुदत तुम्ही लिहिलेली नाही. करारात राहण्याची सोय, अंडरस्टडीच्या तालमींचे तास आणि सोमवारी खरंच सुट्टी आहे का, हे तीन मुद्दे बघून इथेच कळवा. पहिल्या चार आठवड्यांत सोमवारीही तालीम लावलेली असेल, तर एजंटला लिहायचा मजकूर थोडा बदलावा लागेल.